नेफ्रोटिक : घरोघरचे अनुभव

मेधा_ताई: आज माळा आवरताना परीक्षानळी सापडली, वरच्या अंगाला अजून काजळी धरलेली. लेकाला 4 वर्षांचा असताना नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिन गळायचा मूत्रपिंडाचा आजार झाला, तेव्हा रोज सकाळची पहिली लघवी हिच्यात घेऊन गॅसवर तापवायचे, मग व्हिनेगरचे थेंब. पाणी नितळ राहिलं तर दिवस आपला. पांढरं साकळलं, म्हणजे प्रथिन जातंय, की पोटात गोळा. सुरुवात डोळ्यांच्या सुजेपासून झाली, आम्ही किडा चावला समजून आठवडा घालवला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांवर पोडोसाइट पेशी बोटांत बोटं गुंतवून बसतात. ती बोटं सपाट झाली की गाळणी सैल होते, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत जातं, आणि रक्तातलं पाणी अंगात झिरपतं. लेक आता 19 चा आहे, ठणठणीत. तुमचंही लिहा.

शुभदा_प: स्टेरॉइडच्या गोळ्या 6 आठवडे रोज, मग 6 आठवडे दिवसाआड. त्यांनी भूक वाढते, अंग सुजतं. मुलगी रात्री 2 वाजता भाकरी मागायची. शेजारणी म्हणायच्या, किती गुटगुटीत झाली! मी आत जाऊन रडायचे.

आरूची_आई: लघवीच्या पट्टीवर प्रथिन 3+, 3+, 3+, तीन दिवस. आजार परत उलटला. दर वेळी सर्दीनंतरच. यंदा तिसऱ्यांदा. लेव्हामिसोल (आजार पुन्हा उलटू नये म्हणूनचं औषध) सुरू करू म्हणतात. रांगेत आहे, नंतर लिहिते

निखिल३१: मीच तो पेशंट :) डब्यात पापड नाही, लोणचं नाही. मित्र खायचे, मी बघायचो. माझा मिनिमल चेंज, म्हणजे मुलांत नेहमी दिसणारा नेफ्रोटिकचा प्रकार. या प्रकारात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडनी जवळजवळ नॉर्मलच दिसते, बोटं सपाट झालेली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच कळतात. 12 वर्षं काही नाही. आरूची आई, धीर धरा.

वैशाली_क: आमच्याकडे सासूबाई रोज 4 अंड्यांचं पांढरं भरवायच्या. डॉक्टरांनी थांबवलं. वयाला लागतं तेवढंच प्रथिन द्या, जास्तीचं कोंबून गळती भरून निघत नाही. मीठ कमी करा म्हणाले. आमटीत आमसूल आणि जिरेपूड जास्त घातली की पोरं खातात. चांगलं आमसूल कुठे मिळतं हो?

शुभदा_प: मालवणहून येतं माझ्याकडे. काळं बघून घ्या, लाल नको. पाठवू का?

आजोबा_सातारा: सूज असताना ताप आणि पोटदुखी आली तर घरी थांबू नका. नातवाच्या पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला होता. न्यूमोकोकस या जंतूवरची लसही विचारून घ्या.

मेधा_ताई: आरूची आई, झालं का? आज किती?

आरूची_आई: आज ट्रेस, म्हणजे प्रथिन अगदी नावापुरतं!! अजून दोन दिवस असंच यायला हवं. आमसूल मलाही पाठवा.