सल्ला हवा : व्हर्टस जीटी १.५ डीएसजी, ठाणे ते नागपूर समृद्धीवरून, मे महिना – अ‍ॅव्हरेज आणि आराम

ठाणेकर_१५०

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ठाणे–नागपूर–ठाणे करायचं आहे. गाडी २०२२ ची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ४२,००० किमी. टायर कंपनीतून आलेलेच आहेत, २०५/५५ आर१६. आम्ही दोघं, आई (६८, कमरेचा त्रास) आणि सहा वर्षांचा मुलगा. डिकी पूर्ण भरेल.

प्रश्न असे :
१. समृद्धी महामार्गावर (मुंबई–नागपूर द्रुतगती) १२० ची परवानगी आहे. त्या वेगाला अ‍ॅव्हरेज किती धरावं? एका टाकीत नागपूर होईल का?
२. टायरमध्ये हवा किती ठेवावी? सिमेंटचा रस्ता तापतो म्हणून कमी भरा असं एक जण सांगतो, जास्त भरा असं दुसरा.
३. ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या (पेट्रोल अवेळी पेट न घेण्याचा आकडा) पेट्रोलने फरक पडतो का?
४. आईला मागे त्रास होईल का? काय करता येईल?

वऱ्हाडी_वाट

आधी पहिला प्रश्न, कारण बाकीचं बरंच त्याच्यावर ठरतं.

टाकी ४५ लिटरची. समृद्धी आमणे (भिवंडीजवळ) ते नागपूर ७०१ किमी, त्यात ठाणे ते आमणे आणि नागपुरातलं अंतर वेगळं. चार माणसं, सामान आणि मे महिन्यातला एसी धरून या इंजिनाचे साधारण आकडे असे : क्रूझवर (गाडी ठरवलेला वेग आपोआप धरते तेव्हा) ९०–९५ ला १८ ते २०, १०० ला १७ ते १८, १२० ला १४ ते १५. १५ धरलं तरी नुसत्या ७०१ किमीला ४६.७ लिटर लागतं, म्हणजे टाकीपेक्षा जास्त. १८ धरलं तर ३९ लिटर.

कारण साधं आहे. वेग वाढला की हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० वर गेलात की वेग २० टक्क्यांनी वाढतो, पण रेटा ४४ टक्क्यांनी. त्या वेगाला चाकांपर्यंत पोचलेली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते.

आता वेळ बघा. ७०१ किमीला १२० ने ५ तास ५० मिनिटं, १०० ने ७ तास. कागदावर ७० मिनिटं वाचतात. पण १२० ने पेट्रोलसाठी थांबणं चुकत नाही आणि माणूसही लवकर थकतो, त्यामुळे थांबे वाढतात. प्रत्यक्षात ३०–४० मिनिटं वाचतात आणि त्यासाठी साधारण आठ लिटर जास्त जाळावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे : १००–१०५ वर क्रूझ लावा, डाव्या-मधल्या लेनमधून चला, ओव्हरटेकपुरता वेग वाढवा. १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्कचा (ओढीचा) उपयोग ट्रक ओलांडायला होतो, तिथेच तो वापरावा.

या इंजिनात आणखी एक गोष्ट आहे. भार हलका असेल आणि इंजिन मिनिटाला १४०० ते ४००० फेऱ्यांच्या दरम्यान असेल तर दुसरं आणि तिसरं सिलिंडर बंद होतं. कॅमशाफ्टवरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरची) बाही सरकते, त्या दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह मिटलेले राहतात, इंधन आणि ठिणगी थांबते. मीटरमध्ये तसा संदेश दिसतो. १०० च्या आसपास सपाट रस्त्यावर तो बराच वेळ टिकतो. १२० ला पूर्ण भरलेल्या गाडीत इंजिनावर भार जास्त, म्हणून तो सारखा येतो-जातो. दहा मिनिटं तो संदेश बघत पाय हलका ठेवायचा सराव केलात की कुठे थांबायचं ते पायालाच कळतं. एस (स्पोर्ट) मोडमध्ये क्रूझ लावू नका, गिअर खालचा राहतो आणि हे सगळं वाया जातं.

उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्टर बंदच होतात, इंधन शून्य. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही.

रबर_आणि_रस्ता

टायरचं मी सांगतो, कारण समृद्धीवर सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

हवा कमी भरली की टायर थंड राहतो, हे अगदी उलटं आहे. हवा कमी म्हणजे टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्यातून उष्णता तयार होते, रबर आणि आतले धागे सुटायला लागतात. १०० च्या वेगाला या आकाराचा टायर मिनिटाला साडेआठशेच्या आसपास वेळा फिरतो. तासभर अशी दुमड सोसली की बाजूला फुगा येतो आणि मग टायर फुटतो. तापलेलं सिमेंट त्यात भर घालतं, पण मूळ कारण बहुतेक वेळा कमी हवा, जुनं रबर किंवा जास्त ओझं हेच असतं.

भरायची किती? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर कमी भार आणि पूर्ण भार असे दोन आकडे असतील, तुम्ही पूर्ण भाराचा घ्या. पुढचा आणि मागचा वेगळा असेल तर वेगळाच भरा. स्वतःच्या मनाने ३८–४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) करू नका. टायर मधोमध झिजतो, पकड कमी होते आणि सिमेंटच्या सांध्यांवर आईच्या कमरेला प्रत्येक धक्का जाणवेल.

मोजायची कधी? पहाटे, गाडी किमान तीन तास उभी असताना. दर १० अंश तापमानाला साधारण एक ते दीड पीएसआय वाढतो. पहाटे ३३ असलेला टायर दुपारी कारंज्याजवळ (वाशिम जिल्हा) ३७–३८ दाखवेल. तो आकडा बघून हवा सोडायची नाही, वाढ धरूनच स्टिकरचा आकडा दिलेला असतो. तापलेल्या टायरमधली हवा काढलीत की गार झाल्यावर तो तीन-चार पीएसआय कमी भरेल आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तसेच निघाल.

पंपावरचे मीटर दोन-तीन पीएसआयने चुकतात. स्वतःचा डिजिटल गेज घ्या आणि डिकीत बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर ठेवा. नायट्रोजनसाठी पैसे घालवायची गरज नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

तुमच्या गाडीचं टायरचं वॉर्निंग हवा मोजत नाही, चाकांच्या फिरण्यातला फरक एबीएसच्या सेन्सरवरून ओळखतं. म्हणून हवा भरल्यावर स्क्रीनवर गाडीच्या सेटिंगमध्ये टायरचा पर्याय उघडून नवी नोंद सेट करावी लागते. चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर हे वॉर्निंग येणार नाही, गेजला पर्याय नाही.

आता वय. टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चार वर्षं उलटलेला टायर मेमध्ये पूर्ण भाराने नेण्याआधी दुकानात चाक काढून आतली बाजूही बघायला सांगा. बाहेरची बाजू सगळे बघतात, फुगा आणि चीर पुष्कळदा आत असते. खाचेत १.६ मिमीची खूण असते, पण तिथपर्यंत वाट बघू नका, ३ मिमीला बदला.

बदलणार असाल तर माप तेच ठेवा. १७ इंची चाकं लावू नका, टायरची बाजू उथळ होते, चाक जड होतं, आराम आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही जातात. प्रवासासाठी मिशलिन प्रायमसी ४ एसटी किंवा योकोहामा ब्लूअर्थ जीटी बघा, दोन्ही शांत आहेत. सिमेंटवरच्या आडव्या खाचांचा जो एकसुरी गुंजणारा आवाज डोकं उठवतो, त्यात फरक पडतो. लोड इंडेक्स ९१ पेक्षा कमी घेऊ नका, ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. नवे टायर निघायच्या आदल्या दिवशी नको, आधी दोन-तीनशे किमी चालवून, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून मग निघा.

घाटमाथा

पेट्रोल. जिथे जुना समज अजून चालू आहे तो म्हणजे टर्बोला ९५ च हवं म्हणून महागडं घालायचं. ई२० च्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) भारतीय मानकातच किमान ऑक्टेन ९५ आहे, त्यामुळे ऑक्टेनसाठी वेगळे पैसे द्यायचं कारण उरलं नाही. ९५ च्या नावाने जे मिळतं त्यात मुख्यतः साफ ठेवणारी द्रव्यं असतात.

अ‍ॅव्हरेज पडतं ते इथेनॉलमुळे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी. १८ चं १७ होतं ते इथे. १०० ऑक्टेनवालं घालून ते भरून निघतं म्हणावं तर त्याचा दर जवळपास दीडपट आहे. हिशोब बसत नाही.

ऑटो कट झाल्यावर (पंपाची नळी आपोआप बंद पडल्यावर) आणखी घालायला लावू नका. वरचं पेट्रोल वाफेच्या नळीतून वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं, तो डबा भिजला की स्टार्टिंगचा त्रास आणि चेक इंजिनचा दिवा सुरू होतो.

ठाणेकर_१५०

सगळ्यांचे आभार. हे फार उपयोगी आहे. मीटरमधलं अ‍ॅव्हरेज खरं धरावं का? आणि पेट्रोल कुठे भरावं?

वऱ्हाडी_वाट

मीटर पुष्कळदा तीन ते पाच टक्के जास्त दाखवतं. टाकी-ते-टाकी करा. पहिल्या ऑटो कटला थांबवा, ट्रिप शून्य करा, पुढच्या वेळीही पहिल्या ऑटो कटलाच थांबवा. ४१२ किमी झाले आणि २४.६ लिटर बसलं तर ४१२ भागिले २४.६, म्हणजे १६.७. एका फेरीवरून निष्कर्ष नको, पंपागणिक कट थोडा पुढे-मागे होतो. दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्या.

ठाण्यातून फुल्ल करून निघा. समृद्धीवर पंप ठरावीक ठिकाणीच आहेत, काटा पावला येईपर्यंत थांबू नका. अर्धी टाकी उरली की पुढच्या पंपावर भरा, जाताना ते जालन्याच्या आगेमागे येईल. तिथेच जेवण, तिथेच आईला दहा मिनिटं चालायला.

मागची_सीट

आईंना मागे बसवू नका. पुढच्या डाव्या सीटवर बसवा.

या गाडीत मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, मागची सीट जवळपास चाकांवर येते, खड्ड्याचा झटका सरळ वर येतो. पुढे बसलेला माणूस पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असतो. शिवाय पुढच्या सीटला हवा खेळती ठेवायची सोय आहे. ती केबिनमधलीच हवा ओढते, म्हणून आधी पाच मिनिटं एसी चालवून गाडी गार करा आणि मग चालू करा, नाहीतर गरमच हवा पाठीला लागते.

पाठ टेकायचा कोन सरळ ९० नको, १०० ते ११० अंश ठेवा. हातरुमालापेक्षा मोठा, साधा पंचा घ्या, त्याची मनगटाएवढी जाड गुंडाळी करा आणि बेल्ट बांधतो त्या उंचीला कमरेच्या खळगीत ठेवा. जाड उशी नको, ती माणसाला पुढे ढकलते. दीड-दोन तासांनी गाडी थांबवून त्यांना उतरवाच, मग त्या "मला काही होत नाही" म्हणाल्या तरी.

मुलाची सीट मागे आयसोफिक्सला (मुलांची सीट अडकवायच्या हुकांना), डाव्या बाजूला. समोर आजी असेल आणि उतरवताना रस्त्याची बाजू टळेल.

एसीची हवा सतत आतल्या आत फिरवत ठेवू नका. चार जणांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ड्रायव्हरसकट सगळ्यांना जड वाटायला लागतं. समृद्धी सरळ आणि एकसुरी, त्यात ही गुंगी धोक्याची. दर वीस मिनिटांनी तीन-चार मिनिटं बाहेरची हवा घ्या. काचा मात्र बंदच ठेवा, १०० च्या वेगाला उघड्या काचांनी हवेचा रेटा वाढतो.

आणि सूर्य. ठाण्याहून नागपूर म्हणजे पूर्वेला तोंड. पहाटे निघालात तर सहा ते आठ ऊन सरळ डोळ्यांत. तीन-साडेतीनला निघून ते दोन तास नाश्त्याच्या थांब्यात थोडे खर्च करा. परतीला उलट : नागपूरहून पहाटे निघा, ऊन पाठीशी राहील आणि विदर्भातला दुपारचा ताप टळेल.

घाटमाथा

भिवंडी बायपासला कोंडी लागली तर एक लक्षात ठेवा. तुमचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. फूट-फूट सरकत राहिलात तर क्लच अर्धवट धरून घासतो आणि तापतो, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर येते. पुढच्या गाडीला दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, ब्रेक पूर्ण दाबून उभे राहा, मग एकदम निघा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेकवर धरा.

हायवेवरून थांब्याला वळताना शेवटचे दोन किमी हलक्या पायाने चला म्हणजे टर्बो निवतो. बंद केल्यावरही पंखा फिरत राहिला तर घाबरू नका. ऑइल निघायच्या दोन दिवस आधी बघा : सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं, ऑइल मोजायची दांडी पुसून पुन्हा बुडवा. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. पाव लिटरची गरज पडली तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबराचंच घ्या.

ठाणेकर_१५०

टायर बघून आलो. चारही ०८२२, खाच पुढे २.८, मागे ४.१ मिमी. डाव्या पुढच्याला आतून बारीक चिरा आहेत. दोनच बदलू की चार?

रबर_आणि_रस्ता

पुढचे दोन्ही जातातच, एक चिरलेला आणि दोन्ही ३ च्या खाली. मागचे ४.१ आहेत, पण वय तेच आहे आणि मेचा ७०० किमीचा सलग प्रवास आहे, म्हणून चार बदला. बजेट अडत असेल तर दोन नवे घ्या आणि ते मागे लावा, मागचे ४.१ वाले पुढे आणा. गाडी पुढच्या चाकांनी ओढते म्हणून नवे पुढे लावायचा आग्रह दुकानदार करेल, ऐकू नका. पुढचं चाक घसरलं तर स्टिअरिंगला कळतं, मागचं घसरलं तर गाडी फिरते. आणि तेव्हा स्टेपनीचीही हवा बघा. तिचं माप लहान असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचून ठेवा.