मदत हवी आहे: ओपिऑइड संकटावरची तासाभराची डॉक्युमेंटरी

समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या (अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि हेरॉइनसारखी द्रव्यं) व्यसनाच्या साथीवर एक फिल्म दाखवायची आहे. दोन तासिका जोडून मला ९० मिनिटं मिळतात, त्यातली निदान ३० चर्चेसाठी हवीत.

सध्या हातात आहे नेटफ्लिक्सवरची 'हेरोइन' (२०१७). वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन गावातल्या तीन बायका, त्यांत एक अग्निशमन दलाची अधिकारी आणि एक न्यायाधीश. ३९ मिनिटांची, म्हणजे वेळेत चपखल बसते आणि फिल्म उत्तमच आहे. पण ती आग विझवणाऱ्यांची गोष्ट आहे, लावणाऱ्यांची नाही. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड वेदनाशामक गोळी बाजारात आल्यावर ती बनवणाऱ्या कंपनीनं डॉक्टरांच्या ती कशी गळी उतरवली, हे मुलांना कळल्याशिवाय चर्चा 'वाईट संगत' यापलीकडे जाणार नाही. (गेल्या वर्षी नेमकं तेच झालं.)

ती बाजू मांडणाऱ्या दोन फिल्म पाहिल्या. ॲलेक्स गिबनीची 'द क्राइम ऑफ द सेंच्युरी' दोन भागांची, जवळपास चार तासांची. लॉरा पॉइट्रसची 'ऑल द ब्यूटी अँड द ब्लडशेड' दोन तासांची, शिवाय अर्धी छायाचित्रकार नॅन गोल्डिनच्या आयुष्याची. तुकडे दाखवून पाहिले, मुलांना संदर्भच लागेना.

इंग्रजी सबटायटल्स चालतील, ती मात्र हवीतच. वर्गात दाखवायची रीतसर परवानगी मिळणारी हवी, डाउनलोडच्या लिंक नकोत. मालिकेतला सुटा भागही चालेल.

औषध कंपन्या आणि डॉक्टरांची बाजू ६० मिनिटांच्या आत नीट उलगडणारी एखादी फिल्म तुम्ही स्वतः पाहिली आहे का?