गिरनार : रोपवे आहे, तरी आईला नेणं जमेल का? मदत हवी आहे

चकवा : आई 66 वर्षांची आहे. गुडघ्यांची झीज आहे. सपाटीवर तासभर चालते, पण जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गुजरातेत जुनागडजवळच्या गिरनारला, दत्तशिखरावरच्या दत्तपादुकांचं दर्शन घ्यायची फार इच्छा आहे. "आता रोपवे झालाय, काही त्रास नाही" असं सगळे सांगतात. रोपवेनंतर नक्की किती चालावं लागतं? मुंबईहून एवढं लांब जाऊन अर्ध्यातून परतायचं असेल, तर जावं का?

रानवाट : सगळे अर्धंच सांगतायत. ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालेला रोपवे भवनाथ तळेटीपासून (म्हणजे पायथ्यापासून) वाटेतल्या अंबाजीच्या देवळापर्यंतच जातो. एकूण पायऱ्या सुमारे 10,000 धरतात, त्यातल्या निम्म्याच वाचतात.

पुढची वाट सरळ चढाची नाही, गोम तिथेच आहे. अंबाजीहून गोरखनाथ शिखरावर चढायचं. ते गिरनारचं सर्वात उंच टोक, 1,100 मीटरच्या आसपास. तिथून बऱ्याच पायऱ्या खोल उतरायच्या आणि मग दत्तशिखराचा उभा चढ. म्हणजे जाताना जे उतरलात ते येताना चढायचं, आणि दत्तशिखर व गोरखनाथ दोन्हीकडून उतरायचंही. चढताना दम लागतो, थांबलं की भागतं. उतरताना मात्र वाकलेल्या गुडघ्यावर सगळा भार येतो. कठडा धरावा लागतो म्हणताय, तर स्वतःच्या पायांनी दत्तशिखर नको, असं माझं स्पष्ट मत.

औदुंबर : सहमत, पण डोलीचा विचार करा. दर माणसाच्या वजनावर ठरतो. जाऊन-येऊन किती, वाटेत थांबण्याचे वेगळे पैसे का, कमंडलू कुंड त्यात धरलंय का, हे बसण्याआधी विचारा. घासाघीस खालीच होते, वर नाही.

कमंडलू कुंडाचा फाटा गोरखनाथ उतरल्यावर लागतो. तिथे धुनी आहे आणि प्रसादाचं जेवणही मिळतं. तो फाटा पुन्हा खाली उतरतो, त्यामुळे दत्तशिखर करून थकलेला माणूस तिथे हमखास अडकतो. गुडघे दुखत असतील तर तो सोडा.

चकवा : आणि नेमिनाथ? आईला ती जैन मंदिरंही पाहायची आहेत.

रानवाट : ती अंबाजीच्या खाली आहेत, रोपवे त्यांच्यावरून निघून जातो. पाहायची तर अंबाजीहून बऱ्याच पायऱ्या उतरून परत चढावं लागेल, किंवा मग उतरणीच चालत खाली यायचं. आईंच्या बाबतीत दोन्ही नको. बाराव्या शतकातलं देऊळ आहे, चुकल्याची हळहळ वाटेल, पण दत्त की नेमिनाथ हे आधीच ठरवा.

औदुंबर : रोपवे जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात, पावसाळ्यात तर हे नेहमीचंच. वर पोचल्यावर बंद झाला, तर खालपर्यंतच्या पायऱ्या उतरण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून जुनागडला एक दिवस हाताशी ठेवा आणि सकाळची पहिली फेरी गाठा. परतीची शेवटची फेरी किती वाजता, ते तिकीट काढतानाच विचारा. डोलीवाल्यांनाही तीच वेळ सांगा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. त्यातही कार्तिकी एकादशी ते पौर्णिमेची लिली परिक्रमा (गिरनारभोवतीची प्रदक्षिणा) आणि महाशिवरात्रीची भवनाथ जत्रा टाळा. गर्दीत डोलीलाही वाट मिळत नाही. उन्हाळ्यात पायऱ्या तापतात. प्लास्टिकवर निर्बंध आहेत, पाणी स्टीलच्या बाटलीत न्या.

चकवा : मग रोपवेने अंबाजी आणि पुढे डोली, एवढंच ठरवतो. अंबाजीवर डोली मिळाली नाही तर?

रानवाट : वर शोधत बसू नका. आदल्या संध्याकाळी तळेटीला वजन करून दर ठरवा आणि डोलीवाले अंबाजीच्या स्टेशनवर किती वाजता भेटतील ते पक्कं करा. नाहीच जमलं, तर आईंना अंबाजीवर बसवून एकट्याने पुढे जाऊ नका. परत यायला अर्धा दिवस सहज जातो.