मदत हवी आहे : पाऊस नसताना 'पावसाळा' हा विषय कसा घ्यावा? (अंगणवाडी, वय ३ ते ६)

नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर अंगणवाडी चालवते. मुलं बरीचशी मेंढपाळांच्या आणि डाळिंबाच्या बागेत रोजंदारीला जाणाऱ्यांच्या घरची. जुलैच्या नियोजनात विषय आहे 'पावसाळा'. छत्री, कागदी होडी, बेडूक, चिखल, इंद्रधनुष्य. तक्ते सुंदर आहेत, पण दारातून बाहेर पाहिलं तर यातलं काहीच नसतं.

आमचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. घाटाखाली कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, इथे वर्षाकाठी पाचशेसुद्धा धड होत नाही. तोही मृगाला येईलच असं नाही. मे महिन्यात एखादा वळीव होतो, तेव्हा अंगणवाडीत मुलं कमी. आषाढभर नुसता वारा. ढग भरून येतात आणि पूर्वेला निघून जातात, झाली तर भुरभुर. खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा, सप्टेंबर-ऑक्टोबरातला. दिवसभर तापतं आणि संध्याकाळी गडगडाट करत येतो.

मुलांना विचारलं, छत्री कधी लागते? उत्तर येतं, "उन्हात." पाणी कुठनं येतं? "टँकरनं." ही उत्तरं मला चूक म्हणवत नाहीत. त्यांनी जे पाहिलंय तेच ती सांगतात, आणि या वयात शिकण्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. चार वर्षांच्या मुलानं न पाहिलेल्या डबक्यातला न पाहिलेला बेडूक रंगवायचा, यातून त्याला ऋतू कळत नाही, फक्त हिरवा रंग कळतो.

म्हणून माझ्या मनात आहे की जुलैत 'वारा आणि ढग' घ्यावं आणि 'पाऊस' हादग्याच्या दिवसांत. हादग्याचा हत्ती हस्त नक्षत्राचाच, मुली फेर धरणारच असतात, आणि तेव्हा आभाळही साथ देतं. शिवाय शाळू पेरायची गडबड घरोघरी सुरू असते, म्हणजे पावसावर काय अवलंबून असतं हे मुलांच्या डोळ्यांसमोर असतं.

वाऱ्यासाठी भिरभिरं, पतंग, दोरीवरचं वाळणारं फडकं, लांबच्या पठारावरच्या पवनचक्क्या एवढं सुचलंय. पण महिनाभर पुरेल असं, विशेषतः तीन वर्षांच्या लहानग्यांना हातानं करता येईल असं, आणखी काय घेता येईल? दुसरं, दिवाळीनंतर मेंढरांबरोबर बाहेर पडलेली काही घरं याच सुमारास परत येतात. ती मुलं पालात राहिलेली, आभाळाखाली वाढलेली, पण वर्गात गप्प बसतात. त्यांना बोलतं कसं करावं? आणि तिसरं, पर्यवेक्षिका ताईंना हा बदल कसा समजावून सांगावा?

प्रतिसाद १

ताई, जरूर बदला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते जवळच्याच कोसबाडला गेलं. तिथे खडे, बिया, पानं, शंख-शिंपले हीच मुलांची साधनं होती. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणावरच शाळा भरली. पर्यवेक्षिकांना हे उदाहरण सांगा, आणि विषय गाळत नाही, पुढे ढकलतेय असं लेखी द्या. दोन्ही महिन्यांची अदलाबदल कागदावर दिसली की बोलणं सोपं होतं.

वारा-ऊन यांच्यासाठी एक करून बघा. फरशीवर थोडं पाणी ओता, मुलांना त्याभोवती खडूनं रेघ मारू द्या. थोड्या वेळानं पुन्हा रेघ. डबकं आत आत सरकत जातं. पाणी गेलं कुठं, यावर मुलं भरपूर बोलतात. एक सावलीत, एक वाऱ्याच्या तोंडाला, असंही करता येतं. तीन वर्षांच्यांना ओली पाटी वाळवणं पुरे.

प्रतिसाद २

मी रत्नागिरी जिल्ह्यात बालवाडी घेते. आमच्याकडे जुलैत पत्र्यावर एवढा आवाज असतो की गोष्ट सांगता येत नाही. तो आवाज आणि अंगणातल्या पाण्याचा व्हिडिओ पाठवते. तुम्ही आम्हाला वाऱ्याचा आणि मेंढरांचा पाठवा. आमच्या मुलांनी एवढा मोठा कळप पाहिलेला नाही. मेंढपाळांची मुलं ते सांगायला आपणहून पुढे येतील, कारण ते फक्त त्यांनाच माहीत आहे. पाल कसं बांधतात, वाऱ्यात ते कसं धरून ठेवतात, हेही त्यांच्याकडूनच करून घ्या. काठ्या आणि जुनी साडी द्या, बोलायला लावावं लागणार नाही.

धागाकर्ती

दोघींचेही खूप आभार! पालाचं उद्याच करते, आणि व्हिडिओची वाट बघते. सप्टेंबरसाठी बाटली कापून पर्जन्यमापक करायचा विचार आहे. तळाचा वाकडा भाग खडे आणि पाण्यानं भरून तिथे शून्याची रेघ, वरचं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं. मुलांना आकडे येत नाहीत, म्हणून रोज पाण्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीला ओळीनं चिकटवणार. पाऊस नसेल त्या दिवशीची जागा मोकळी सोडावी की तिथे सूर्य काढावा? कुणी हे केलं असेल तर सांगा.