पुलाला फायबर सेन्सर लावायचेत, नेटवाल्यांची केबल चालेल का?

सांगलीकर_सिव्हिल:
नमस्कार मंडळी, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कॉंक्रीट बीमवर स्ट्रेन (ताणानं लांबीत पडणारा फरक) मोजायचाय पण शेजारी वेल्डिंग चालू झालं की साध्या, विजेवर चालणाऱ्या स्ट्रेन गेजची रीडिंग नुसती नाचायला लागते. सर म्हणाले फायबर बघ. मग नेटची फायबर चिकटवली तर चालेल का वेगळी घ्यावी लागते? आणि आयर्विन पुलाला असलं काही बसवता येईल का, 1929 चा पूल आहे, पूर आला की अख्खी सांगली पाणी किती फुटांवर गेलं तेवढंच विचारत बसते, 45 फूट म्हणजे धोका, पण पुलाचं काय चाललंय ते कोण सांगणार?

कराड_साईटवाला:
बीमसाठी एफबीजी घे, म्हणजे फायबर ब्रॅग ग्रेटिंग. फायबरच्या गाभ्यात अतिनील लेझरनं एकदम बारीक रेघा मारलेल्या असतात, त्या एकाच तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवतात आणि फायबर ताणली की ती तरंगलांबी सरकते. 1550 नॅनोमीटरला 1 मायक्रोस्ट्रेनमागं (लांबीत दहा लाखात एक भाग फरक) साधारण 1.2 पिकोमीटर. सगळा खेळ प्रकाशाचा, त्यामुळं वेल्डिंग काय नि हाय टेन्शन लाईन काय, फरक पडत नाही.
पण टेंपरेचर सांभाळ भावा!! 1 डिग्रीला जवळपास 10 पिकोमीटर सरकतं, म्हणजे सकाळी 8 ला झीरो घेतलास आणि दुपारी 15 डिग्री वाढलं तर लोड न टाकताच शंभराच्या वर मायक्रोस्ट्रेन दिसणार. शेजारी बारीक नळीत एक सेन्सर सैल सोड, बीमला चिकटवायचा नाही, त्याची रीडिंग वजा कर. आणि चिकटवायच्या आधी जागा घासून ॲसिटोननं पुस, इपॉक्सीचा थर पातळ ठेव. फायबर तुटते ती बहुतेक इपॉक्सीतून बाहेर पडते त्याच टोकाला, तिथं स्लीव्ह घालच.

पाटणकर_दादा:
नेटची फायबर अगदीच बाद नाही बरं का. ब्रिलुआँ पद्धतीत, म्हणजे फायबरमधून मागं विखुरणाऱ्या प्रकाशावरून मोजायच्या पद्धतीत, साधी टेलिकॉम फायबरच सेन्सर होते, काही किलोमीटर टाकली तरी साधारण मीटरभराच्या टप्प्यानं ताण आणि तापमान कळतं, मशीन मात्र लै महाग. धरण, कालवा, बोगदा असल्या लांबलचक कामांना तीच बरी, कारण भेग दोन एफबीजींच्या मधे पडली तर कळणारच नाही. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाला भेगा पडल्या त्या जिथं भिंतीचा उतार बदलतो त्या उंचीला, म्हणजे फायबर कुठून न्यायची ते स्ट्रक्चर बघूनच ठरवावं लागतं.
आयर्विनचं विचारलंस म्हणून सांगतो, दगडी पुलाला पुरात खरी भीती पायाखालची माती वाहून जायची. वर कमानीला कितीही सेन्सर लाव, ते त्याला दिसणार नाही. त्यासाठी खांबाजवळ नदीच्या तळात एफबीजी लावलेली दांडी पुरतात, माती गेली की उघडा पडलेला भाग प्रवाहानं वाकतो आणि कुठवर खणलं गेलंय ते कळतं.

सांगलीकर_सिव्हिल:
दादा हे दांडीचं भारीय, लॅबच्या फ्ल्यूममधे (पाणी सोडायच्या चाचणीच्या पाटात) वाळू भरून करता येईल की! बीमचं पण करतोच, सैल सेन्सरसकट. इंटरोगेटर, म्हणजे एफबीजीची रीडिंग घ्यायचं मशीन, भाड्यानं कुठं मिळतो का, कोल्हापूर-पुण्याकडं चालेल?

कराड_साईटवाला:
विकत घ्यायच्या फंदात पडू नको. ज्या कॉलेजात फोटोनिक्सची लॅब असेल तिथं सरांचं पत्र घेऊन जा, आणि चॅनेल (एका वेळी जोडता येणाऱ्या फायबर) किती, सेकंदाला किती रीडिंग ते आधी विचार.