मदत हवी आहे: पगार वाढतोय, पण हातात काहीच वाढत नाही. नोकरी बदलू का?

नमस्कार मंडळी. गोव्यात माशेलला राहते, घटस्फोटित, मुलगा पहिलीत. गावातल्याच एका होलसेल दुकानात हिशेब बघते, ९ ते ३. पगार १४,०००. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापून १२,२१५ मिळतात. वर गृह आधार या गोवा सरकारच्या महिलांसाठीच्या योजनेचे महिन्याला १,५००. मुलाला शाळेतून आणून जेवू घालायचे शेजारच्या काकींना १,५०० देते.

आता वेर्ण्याच्या एका कंपनीत २५,५०० ची ऑफर आहे. घरचे म्हणतात डोळे मिटून जा. मी लाइट बिलाच्या मागे हिशेब मांडला:

पीएफ जाऊन २३,७००. पाळणाघर ५,५००. बस १,५००. मुलाला धाप लागते, त्याचे श्वासाचे पंप आणि डॉक्टर १,८००. आज हे सगळं ईएसआयमधून होतं, पण २१,००० च्या वर पगार गेला की ते नाही. उरले १४,९००. आज गृह आधारचे १,५०० काकींना जाऊन १२,२१५ उरतात. म्हणजे २,६८५ रुपयांसाठी सकाळी ७ ला घर सोडायचं आणि संध्याकाळी ७ ला परत.

गृह आधार धरलेलंच नाही, कारण त्याची मर्यादा वर्षाला ३ लाख आणि माझे होतात ३,०६,०००. सहा हजारांसाठी अठरा हजार जाणार! पगार पाचशेने कमी द्या म्हणून सांगू का, असंही मनात आलं. मग माझं मलाच हसू आलं.

कोणी यातून गेलंय का?

फोंडेकर: हसू नका ताई, खरंच विचारा. एचआरला असले प्रश्न नवे नसतात. ग्रुप मेडिक्लेम आहे का, त्यात ओपीडी धरतात का, तेही विचारा. राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विमा योजनेचं कार्ड असेल तर अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली की उपयोगी. रोजच्या पंपाला नाही.

शिरोडकर_बाय: ५० किंवा जास्त माणसं असली तर कंपनीने पाळणाघराची सोय करायलाच हवी, २०१७ पासून कायदा आहे.

धागाकर्ती: बाय, शाळा माशेलला आणि पाळणाघर वेर्ण्याला. दुपारी १ वाजता त्याला तिथवर कोण नेणार?

अर्थ_अनर्थ: तुमचा हिशेब जगभर झालाय. कॅनडात १९९० च्या दशकात एका प्रयोगात सरकारी मदतीवर असलेल्या काही एकट्या पालकांना सांगितलं, मदत सोडा, आठवड्याला ३० तास काम करा, तीन वर्षं वर पैसे देतो. पहिल्या काळात पूर्णवेळ काम करणारे जवळपास दुप्पट झाले. पण पुढे ज्या गटाला हे वरचे पैसे देऊ केले नव्हते त्यातले लोकही हळूहळू कामाला लागले आणि फरक विरून गेला. अमेरिकेत कमावत्यांना करसवलत देतात. ती वाढवल्यावर एकट्या आया जास्त प्रमाणात कामाला लागल्या. तिथे कमाईबरोबर सवलत आधी वाढते, मग हळूहळू उतरते. आपल्याकडे एका रुपयाने रेषा ओलांडली की सगळं खाली. आळस-बिळस काही नाही त्यात, कडा आहे ती.

फोंडेकर: प्रवचन छान. पण तिने करायचं काय?

अर्थ_अनर्थ: पहिल्या वर्षाचा हिशेब करून ठरवू नका. १४,००० चे पाच वर्षांनी किती होतील, आणि वेर्ण्याचे किती? पाळणाघराचा खर्च मूल मोठं झालं की जातो. पीएफही जास्त साठेल.

शिरोडकर_बाय: आणि ईएसआय नोकरी सोडल्या दिवशीच बंद होत नाही. वर्गणी सहामाहीची असते, लाभाचा काळ त्याला जोडलेला. ईएसआयच्या शाखेत जाऊन तुझा लाभ कधीपर्यंत, ती तारीख काढून घे, त्याआधी राजीनामा देऊ नको.

धागाकर्ती: तारखेचं कोणीच सांगितलं नव्हतं, उद्याच जाते. एचआरला फोन केला. मेडिक्लेम आहे, ओपीडी नाही. पगार २५,००० करता येईल का विचारलं तर बाई क्षणभर गप्पच झाली. म्हणाली, "कमी?" सोमवारी कळवते म्हणाली. आता प्रश्न एवढाच: माशेल-खांडोळ्याकडे संध्याकाळी ७ पर्यंत मूल ठेवणारं कोणी माहीत आहे का? काकी ५ नंतर भजनाला जातात.