पुणे-नागपूर विमानाने जायला घरापासून घरापर्यंत किती वेळ लागतो?

कोथरूडकर_मी
पुढच्या महिन्यात मावसबहिणीच्या मुलाचं बारसं आहे नागपूरला, आईला घेऊन जायचंय. ती ६८ वर्षांची, गुडघे फार दुखतात, गेल्या वेळी स्लीपर बसच्या पायऱ्या उतरताना रडवेली झाली होती बिचारी, तेव्हाच ठरवलं की आता बस नाही. नेटवर अंतर ६०० किमी दाखवतंय, गाडीने मात्र ७०० च्या वर होतं, मग विमानाला दीड तास का लागतो, आणि एकूण किती वेळ धरायचा?

लोहगाव_शेजारी
६०० हे सरळ रेषेतलं अंतर. जेट वर गेल्यावर ताशी ८०० ने जातं खरं पण तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं सगळं आलं. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे कधी जरा थांबावंही लागतं. बुकिंग करताना विमान कोणतं ते बघा, एटीआर असेल तर पंख्याचं असतं, ताशी ५०० च्या आसपास, वेळ जास्त.
कोथरूडहून दुपारचं विमान असेल तर वनाझहून मेट्रोने थेट रामवाडी, पुढे रिक्षा. ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा कधीही बरं. दोन तास आधी पोचा, बॅगचं काउंटर तासभर आधी बंद होतं. घर ते घर साडेपाच-सहा तास धरा.

मुक्काम_धरमपेठ
इकडची काळजी नका करू बाप्पा, सोनेगावचं विमानतळ नागपूर शहरातच आहे, बॅग आली की अर्ध्या तासात घरी. आईंसाठी व्हीलचेअर मात्र बुकिंगमध्येच टाका, पैसे लागत नाहीत. माझ्या सासऱ्यांना तिथल्या मुलाने दारापासून पार गेटपर्यंत नेलं, सिक्युरिटीची रांगसुद्धा लागली नाही. उतरताना शेवटी उतरवतात, तेवढी पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा. आणि विमान खाली यायला लागलं की कानाला दडे बसतात, तोंडात खडीसाखर ठेवायला द्या.

रेल्वेप्रेमी_पुणे
वंदे भारत पण आहे हं, ऑगस्ट २०२५ पासून. दौंड-मनमाड-भुसावळ असा वळसा असल्यामुळे ८८१ किमी होतात, १२ तास. मला स्वतःला खूप आवडते, पण सगळी चेअर कार आहे, आडवं व्हायला मिळत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बारा तास पाय लोंबकळत ठेवून बसवू नका, विमानानेच न्या.

कोथरूडकर_मी
खूप खूप आभार सगळ्यांचे! दुपारचं जेट मिळालं, व्हीलचेअर टाकली. आईला सांगितलं तर म्हणाली खुर्चीत बसायला मी काय आजारी आहे का, मग सासऱ्यांचं वाचून दाखवलं तेव्हा कुठे तयार झाली. खडीसाखरेची पुडी तिने आत्ताच पर्समध्ये टाकलीये.